ट्योर्बेल

ट्योर्बेल हे स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागातील वालिस (फ्रेंच भाषेत वाले) या कँटनमधील, म्हणजे घटक राज्यातील, एक लहान डोंगरी गाव आहे. फिस्प जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसलेले असून त्याची लोकसंख्या सुमारे ५०० आहे. येथील लोक जर्मनची वालिस बोली बोलतात. त्या बोलीत गावाचे नाव ‘टेर्बिल’ असे उच्चारले जाते. बहुसंख्य रहिवासी परंपरेने रोमन कॅथलिक पंथाचे आहेत.

आकाराने व लोकसंख्येने इतके लहान असलेले हे गाव जगभरातील अर्थशास्त्राच्या पुस्तकांत वाचायला मिळते. याचे कारण येथील कुरणे, जंगल व पाणी यांच्या सामाईक वापराचे नियम होत. १४८३ साली ग्रामस्थांनी हे नियम लेखी स्वरूपात स्वीकारले आणि पुढील पाच शतके त्यांच्या आधारे गावाचा व्यवहार चालला.

भौगोलिक स्थान

आल्प्स पर्वतातून पश्चिमेकडे वाहणाऱ्या ऱ्होन नदीला फिस्प या शहराजवळ दक्षिणेकडून फिस्पा नदी मिळते. या उपनदीच्या खोऱ्यात सात-आठ किलोमीटर आत गेल्यावर श्टाल्डेन हे गाव लागते. येथे दोन प्रवाहांचा संगम होतो. एक सास खोऱ्यातून येतो, तर दुसरा झेरमाट व मॅटरहॉर्न शिखराच्या बाजूने. या संगमाच्या पश्चिमेला वर चढत गेलेल्या उतारावर ट्योर्बेल आहे. खालच्या दरीतून पाहिल्यास कड्याच्या वर टेकलेल्या घरांचा पुंजका तेवढा नजरेस पडतो.

गावाची हद्द रुंदीपेक्षा उंचीत अधिक पसरलेली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. तिचा खालचा भाग दरीच्या तळाकडे उतरतो, तर वरचे टोक २,९७३ मीटर उंचीच्या आउग्स्टबोर्डहॉर्न शिखरापाशी आहे. त्यामुळे एकाच गावाच्या जमिनीत अनेक हवामाने सामावली आहेत. सर्वांत खाली, उबदार उतारांवर, द्राक्षमळे होते. त्याच्या वर राय या धान्याची शेते व गवताची राने, त्यांच्या मध्यभागी गाव, गावाच्या वर देवदार वर्गातील सूचिपर्णी वृक्षांचे जंगल आणि जंगलाची सीमा संपल्यावर उन्हाळी कुरणे अशी ही उतरंड आहे. यांपैकी कोणताही एक पट्टा माणसाला वर्षभर पोसू शकत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाला सगळ्या पट्ट्यांत थोडी थोडी जमीन लागे, आणि ऋतूप्रमाणे वर-खाली फिरणे हेच शेतकऱ्याचे आयुष्य असे.

येथे ‘आल्प’ या शब्दाचा स्थानिक अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. आपण आल्प्स म्हणजे पर्वतरांग समजतो. तेथील शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘आल्प’ म्हणजे पर्वतावरील उन्हाळी कुरण. बर्फ वितळल्यावर, जूनपासून साधारण सप्टेंबरपर्यंत, गुरे या कुरणांवर चरतात. गावाच्या वरील मोसआल्प (सुमारे २,०५० मीटर) हे त्यांपैकी एक आहे. तेथून पलीकडे ब्यूर्खेन गावाकडे उतरता येते.

पाऊस आणि पाट

बर्फाच्छादित शिखरांच्या या प्रदेशात पाण्याचा तुटवडा असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात फिस्पा खोरे हा स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. चहूबाजूंच्या उंच पर्वतांमुळे ढग बाहेरच अडतात आणि खोऱ्यात वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर एवढाच पाऊस (बर्फासह) पडतो. गावाचा उतार उन्हाकडे तोंड करून असल्याने जमीन लवकर सुकते. पाणी दिल्याशिवाय गवताची पुरेशी कापणी होत नाही आणि गवत नसेल तर हिवाळ्यात गाई जगत नाहीत.

यावर उपाय म्हणून वालिसमध्ये मध्ययुगापासून डोंगरउतारावर पाट काढण्याची पद्धत आहे. त्यांना जर्मन भाषिक भागात ‘सुओने’ म्हणतात. हिमनद्यांचे व उंचावरील ओढ्यांचे पाणी हे पाट कित्येक किलोमीटर दूर आणतात. जेथे उभा कडा आडवा येतो, तेथे कड्यात खुंट्या ठोकून त्यांवर लाकडी पन्हळी बसवलेल्या असत. त्यांची दुरुस्ती हे जिवावरचे काम होते. ट्योर्बेलच्या रानांना आउग्स्टबोर्ड खोऱ्याकडून आणलेल्या पाटाचे पाणी मिळे.

पाणी वाटपाची पाळी तासांवर ठरलेली असे. वरच्या वालिसमध्ये असे हक्क कागदाऐवजी लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून नोंदवण्याची जुनी चाल होती. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची खूण असे. ट्योर्बेलच्या पाळीपद्धतीबद्दल अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७४ साली एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय ‘कोणालाच ठाऊक नसलेली व्यवस्था’ असा आहे. प्रत्येक घराला स्वतःच्या रानाची पाळी, तिची वेळ आणि आपल्या आधी व नंतर कोण, एवढे नेमके माहीत असे. संपूर्ण गावाचे वेळापत्रक मात्र कोणा एकाच्या डोक्यात नव्हते, तरीही पाणी सर्वांना पोहोचत होते.

अशा पारंपरिक सिंचनाच्या ज्ञानाचा व संघटनेचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. स्वित्झर्लंडसह युरोपातील सात देशांनी त्यासाठी एकत्रित प्रस्ताव दिला होता. उन्हाळी कुरणांची स्विस परंपराही त्याच वेळी या यादीत आली.

इतिहास

ट्योर्बेलमधील जमिनीचे हक्क व हस्तांतर यांविषयीचे लेखी दस्तऐवज १२२४ सालापासून मिळतात. मध्ययुगात वालिसवर सियों येथील बिशपची सत्ता होती. परंतु दऱ्याखोऱ्यांतील शेतकरी समुदायांनी क्रमाक्रमाने जहागीरदारांचे हक्क विकत घेऊन किंवा झुगारून स्वतःचा कारभार हाती घेतला. जर्मन भाषिक वरच्या वालिसमध्ये ही प्रक्रिया विशेष जोमाने घडली.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी ट्योर्बेलच्या रहिवाशांनी कुरण, जंगल व पडीक जमीन यांच्या वापराचे अधिक चांगले नियमन करण्यासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या कलमांना संमती दिली. पुढे १५१७ साली गुरांच्या संख्येसंबंधीचा प्रसिद्ध नियम आला. त्याची चर्चा खाली केली आहे.

त्यानंतरच्या राजकीय घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आले. १८०२ मध्ये वालिस हे नावापुरते स्वतंत्र प्रजासत्ताक झाले. १८१० मध्ये नेपोलियनने ते थेट फ्रान्सला जोडले आणि १८१५ मध्ये ते स्विस महासंघात कँटन म्हणून दाखल झाले. राज्यकर्ते बदलले, तरी कुरणावर कोणी किती गाई न्यायच्या हा निर्णय गावाकडेच राहिला.

२५ जुलै १८५५ रोजी फिस्प व श्टाल्डेनच्या परिसरात मोठा भूकंप झाला. गेल्या तीन शतकांतील तो स्वित्झर्लंडमधील सर्वांत तीव्र भूकंप मानला जातो.

सामाईक मालमत्ता आणि तिचे नियम

ट्योर्बेलमध्ये सर्वच जमीन सामाईक होती असा समज करून घेऊ नये. धान्याची शेते, भाजीचे वाफे, द्राक्षमळे, गवताची राने, घरे व गोठे ही खाजगी मालमत्ता होती. तिची खरेदी-विक्री व वारसा चाले. सामाईक होत्या त्या पाच गोष्टी: उन्हाळी कुरणे, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि गावातील वाटा व रस्ते. कोणती जमीन खाजगी ठेवायची आणि कोणती सामाईक, याची ही विभागणी शेकडो वर्षे टिकली. गावाच्या व्यवस्थेचे मर्म याच विभागणीत आहे.

या विभागणीमागील कारणे नेटिंग यांनी उलगडून दाखवली. गवताचे रान लहान असते, त्याला खत-पाणी दिले की उत्पन्न वाढते, आणि मेहनत करणाऱ्याला तिचे फळ हवे असते. म्हणून ते खाजगी. उन्हाळी कुरणाचे तसे नाही. तेथे प्रत्येक चौरस मीटरमागे उगवण अल्प. यंदा एका भागात गवत चांगले येईल, तर पुढील वर्षी दुसऱ्या भागात. सुधारणेला फारसा वाव नाही. शंभर तुकडे करून कुंपणे घातल्यास एखाद्याच्या वाट्याला नुसते दगड येतील आणि कुंपणाचा खर्चही निघणार नाही. ते एकत्र ठेवल्याने लाभ होतो आणि जोखीमही वाटली जाते.

पण एकत्र ठेवलेल्या कुरणावर प्रत्येकाने वाटेल तितकी गुरे सोडली, तर ते उजाड होणार. यावर १५१७ च्या नियमाने तोडगा काढला. कोणत्याही ग्रामस्थाला जितक्या गाई हिवाळ्यात पोसता येतील, त्याहून अधिक गाई उन्हाळ्यात आल्पवर पाठवता येणार नाहीत, असा तो नियम होता. हिवाळ्यात गाई गोठ्यात बांधलेल्या असतात आणि स्वतःच्या रानातील वाळवलेल्या गवतावर जगतात. म्हणजे ज्याचे जेवढे खाजगी गवत, तेवढाच त्याचा सामाईक कुरणावर हक्क. वसंतात बाजारातून गुरे आणायची, फुकटच्या गवतावर पोसायची आणि शरदात विकून मोकळे व्हायचे, ही वाटच त्यामुळे बंद झाली. शिवाय हा नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नव्हता. शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळाभर किती गाई आहेत, हे गावात कोणाला ठाऊक नसते?

देखरेखीसाठी ‘गेवाल्टहाबर’ नावाचा स्थानिक अधिकारी नेमला जाई. मर्यादा ओलांडणाऱ्याला तो दंड करी आणि दंडाची निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवी. ही तरतूद आजच्या वाचकाला खटकेल. परंतु बिनपगारी कामात ढिलाई येऊ नये हा तिचा हेतू उघड आहे.

आल्पवर गुरे पाठवणाऱ्याने श्रमही द्यायचे असत. वाटा दुरुस्त करणे, हिमलोटाने मोडलेली गुरांची आवारे पुन्हा उभारणे, साचलेले शेण कुरणभर पसरवणे ही कामे वाटून दिली जात. कुरणावर सर्व गाईंचे दूध एकत्र करून चीज बनवले जाई आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येकाचा वाटा दिला जाई.

जंगलाच्या बाबतीतही असेच काटेकोर नियम होते. सामाईक जंगल असलेल्या स्विस गावांत रूढ असलेली पद्धत अशी: तोडण्याजोगी झाडे वर्षातून एकदा अधिकारी खुणा करून देतात, कुटुंबे गट करून ती तोडतात, ओढून आणतात आणि लाकडाचे शक्य तितके सारखे ढीग रचतात. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून कोणता ढीग कोणाचा हे ठरते. आपल्या वाट्याला कोणता ढीग येणार हे रचताना कळत नसल्याने ढीग सारखे रचण्यातच प्रत्येकाचे हित असते. या दिवसांखेरीज जंगलात कुऱ्हाड चालवण्यास मनाई असे.

परके कोण?

या व्यवस्थेला एक भक्कम कुंपण होते. सामाईक हक्क केवळ गावच्या नागरिकांनाच मिळत. परक्या माणसाने ट्योर्बेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी त्याला कुरण, पडीक जमीन किंवा जंगलातील लाकूड यांवर कोणताही हक्क प्राप्त होत नसे. कुरणाशिवाय जमीन म्हणजे अर्धीच शेती. त्यामुळे बाहेरच्यांनी येथे येऊन वसण्याचे प्रयोजनच उरले नाही. १७०० सालानंतर बाहेरून येऊन गावात मुळे धरलेली घराणी फारच थोडी असल्याचे वंशावळींच्या अभ्यासातून दिसून आले आहे. मोजक्याच आडनावांची माणसे शतकानुशतके एकमेकांशी सोयरीक करत राहिली.

आतल्यांनाही किंमत मोजावी लागली. जमीन वाढणार नव्हती, म्हणून माणसे बेताने वाढायला हवी होती. विवाह उशिरा होत. पुरुष साधारण तिशीच्या आसपास आणि स्त्रिया पंचविशी उलटल्यावर संसार मांडत. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण लक्षणीय होते. भावंडांपैकी कोणी तरी लग्न न करता भावाच्या किंवा बहिणीच्या घरात राबत राही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाट्याचे पीक आल्यावर त्याच जमिनीत अधिक तोंडे भागू लागली आणि एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या झपाट्याने वाढली. तेव्हा स्थलांतर हा मार्ग उरला. त्या काळात वरच्या वालिसमधून अनेक कुटुंबे अर्जेंटिनातील सांता फे प्रांतात जाऊन स्थायिक झाली. गावाचे कुरण राखले गेले, ही गोष्ट कौतुकाची खरीच. पण ज्यांना गाव सोडावे लागले किंवा घर मांडता आले नाही, त्यांचाही या हिशेबात विचार करायला हवा.

नियम समतेचे होते असेही म्हणता येत नाही. ज्याचे गवत अधिक, त्याच्या गाई अधिक, आणि म्हणून सामाईक कुरणातून त्याचा लाभही अधिक. मात्र वारसाहक्काची पद्धत या विषमतेला काही अंशी लगाम घाली. मुलगा व मुलगी यांना आई-वडिलांच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळे, त्यामुळे मोठी मालमत्ता पुढच्या पिढीत पुन्हा विभागली जाई.

स्त्रियांना वारसा मिळाला, पण गावाच्या कारभारात मत मिळाले नाही. वालिसमध्ये स्त्रियांना कँटनचा मताधिकार १९७० मध्ये आणि देशपातळीवर १९७१ मध्ये मिळाला. यात ट्योर्बेलच्या परिसराला एक वेगळे स्थान आहे. मोसआल्पच्या पलीकडे, ब्यूर्खेनच्या पुढे असलेल्या उंटरबेख या गावाने ३ मार्च १९५७ रोजी कायद्याची संमती नसताना आपल्या स्त्रियांना देशव्यापी सार्वमतात मतदान करू दिले. ती मते ग्राह्य धरली गेली नाहीत. पण स्वित्झर्लंडमधील स्त्रियांचे ते पहिले मतदान म्हणून त्या खेड्याचे नाव इतिहासात राहिले.

दैनंदिन जीवन

समान वाटणीचा एक परिणाम म्हणजे जमिनीचे असंख्य लहान तुकडे. एका कुटुंबाची राने व शेते डोंगरभर विखुरलेली असत आणि प्रत्येक रानाजवळ गवताची कोठी व गोठा असे. गवत घरी आणण्याऐवजी गाईच गवताकडे नेल्या जात. हिवाळ्यात एका गोठ्यातील गवत संपले की पुढच्या गोठ्यात. घरेही अशीच विभागली जात. एका घराचा तळमजला एका भावाचा, वरचा मजला बहिणीचा, असा प्रकार वरच्या वालिसमध्ये सर्रास आढळतो.

जुनी घरे लार्च वृक्षाच्या ओंडक्यांची असून उन्हाने त्यांचे लाकूड काळपट तपकिरी झालेले आहे. तळाची स्वयंपाकघराची बाजू दगडी असते व छपरावर दगडी पाट्या असतात. धान्याच्या कोठारांची रचना विशेष लक्षवेधी आहे. कोठार आखूड खांबांवर उचललेले असते आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक रुंद, गोल, सपाट दगड ठेवलेला असतो. खांबावर चढलेल्या उंदराला या दगडाची कड ओलांडता येत नाही.

मुख्य धान्य राय. उतारावरील शेतातली माती दरवर्षी खाली सरकते. ती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वरच्या कडेला नेऊन टाकावी लागे. रायचा पाव गावच्या सामाईक भट्टीत पाळीपाळीने भाजला जाई. भट्टी वर्षातून मोजक्याच वेळा पेटे, त्यामुळे पाव महिनोन्‌महिने टिकवून खाल्ला जाई आणि अखेरीस तो दगडासारखा कडक होई. पाव, चीज, दूध, पुढे बटाटे, सणावाराला वाळवलेले मांस आणि खालच्या मळ्यातील द्राक्षांची वाइन, असा आहार होता. चीज विस्तवासमोर धरून वितळलेला थर खरवडून बटाट्याबरोबर खाण्याचा राक्लेट हा पदार्थ वालिसचाच. आज तो जगभर मेजवानीचा पदार्थ झाला असला, तरी मुळात ते गुराख्याचे साधे जेवण होते.

अभ्यासकांचे लक्ष

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी एका प्रसिद्ध लेखात असे प्रतिपादन केले की, सर्वांसाठी खुले असलेले कुरण अखेर नष्टच होते, कारण प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवण्यातच फायदा पाहतो. नेटिंग हे पूर्वी नायजेरियातील कोफ्यार शेतकऱ्यांचा अभ्यास करून १९७० च्या सुमारास ट्योर्बेलला आले. चर्चची जन्म-विवाह-मृत्यूची दप्तरे, जुने करार व वृद्धांच्या मुलाखती यांच्या आधारे त्यांनी गावाचा तीन शतकांचा इतिहास उभा केला. त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. हार्डिन यांनी वर्णिलेले कुरण हे कोणाचेच नसलेले कुरण होते. ट्योर्बेलचे कुरण मात्र ठरावीक लोकांचे होते, आणि त्या लोकांना नियम करण्याचा व मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार होता, हा फरक या अभ्यासाने स्पष्ट केला.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामाईक संसाधनांवरील आपल्या १९९० सालच्या ग्रंथात ट्योर्बेलचे उदाहरण जपानमधील डोंगरी गावे व स्पेनमधील सिंचन संस्था यांच्याबरोबर मांडले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक (ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह) मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यानंतर ट्योर्बेलचे नाव विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचले.

विसाव्या शतकातील बदल

१८९१ मध्ये फिस्प ते झेरमाट रेल्वे सुरू झाली आणि ती गावाच्या पायथ्याशी, श्टाल्डेन येथे थांबू लागली. फिस्पमध्ये लोंझा कंपनीचा रासायनिक कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. त्यामुळे शेतकरी-कामगार हा नवा वर्ग तयार झाला. पुरुष पाळीवर कारखान्यात जात आणि घरातील गाई व गवताचा भार स्त्रियांवर व वृद्धांवर पडे. मोटाररस्ता झाल्यावर रोज ये-जा करणे सोपे झाले. गाव त्यामुळे रिकामे झाले नाही, पण शेती मात्र आटली. रायची बहुतेक शेते आता गवताखाली आहेत.

आज गावात पूर्णवेळ शेतकरी थोडे आहेत. टपालखात्याची पिवळी बस खोऱ्याशी जोडणारे मुख्य सार्वजनिक वाहन आहे. मोसआल्प परिसरात उन्हाळ्यात पदभ्रमण करणारे आणि हिवाळ्यात स्कीइंगसाठी येणारे पर्यटक असतात. जुन्या चक्कीसारख्या वास्तू जतन करून त्या पाहुण्यांना दाखवल्या जातात. सुटीपुरती उघडणारी घरेही वाढली आहेत. ११ मार्च २०१२ च्या सार्वमताने देशातील प्रत्येक गावात अशा दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्याचे ठरवले. वालिसने या प्रस्तावाच्या विरोधात मोठ्या बहुमताने मतदान केले होते, कारण येथील बांधकामाचा रोजगार त्यावर अवलंबून आहे. अशी मर्यादा पूर्वी गाव स्वतःच्या सभेत घालून घेत असे. ही मर्यादा देशाने घातली.

उन्हाळी कुरणांवर अद्याप गुरे जातात. त्यांची संख्या पूर्वीपेक्षा कमी आहे आणि प्रश्नही उलटा झाला आहे. फार गुरांमुळे कुरण उजाड होण्याऐवजी, पुरेशी गुरे व गवत कापणारे हात नसल्याने मोकळ्या जागा झुडपांनी व जंगलाने व्यापल्या जात आहेत. हाच अनुभव आल्प्समधील इतर अनेक गावांचाही आहे.